हाडांची चौकशी झाली, मनाची?

महोदय,

दर रविवारी सकाळी मी हाडांची गोळी घेते. रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवे व्हायचे नाही. त्या अर्ध्या तासात पूर्वी तुमच्या पुरवणीतले शब्दकोडे सुटायचे. गेल्या वर्षी कधीतरी पेनाचे टोपण निघेनासे झाले. कोडी अवघड झाली नव्हती, मलाच काही नकोसे वाटत होते.

माझे वय ७४. हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१ आला (उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार). पाठीचा एक मणका केव्हा दबला ते कळलेही नाही, मी आपली शेकत बसले होते. उंची चार सेंटीमीटरने घटली. तेव्हापासून घरात एकच शब्द: 'जपून'. वाकू नको, उचलू नको, एकटी जाऊ नको. माया खरीच, पण पडण्याच्या धास्तीने मी चालणेच सोडले. न चालल्याने पायांतले बळ गेले, तोल जाऊ लागला, धास्ती वाढली.

रडू कधी आले नाही, म्हणून नैराश्य कोणाच्या ध्यानात आले नाही. पहाटे साडेतीनला जाग, जेवणावरून मन उडालेले, उगाच चिडचिड. 'वय झालं' हे निदान घरच्यांचे, आणि माझेही. दीड वर्षात हाडांच्या डॉक्टरांकडे सहा खेपा झाल्या. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळे विचारून झाले. कशात मन रमते का, हे विचारले ते फिजिओथेरपिस्ट मुलीने, मला भिंतीशी टाचा उचलायला लावताना. उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला.

आता मानसोपचार चालू आहेत. तिथल्या डॉक्टरांनी आधी हाडांची फाइल मागितली. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोल जाण्याचा, हाड मोडण्याचा धोका वाढू शकतो म्हणे. ती फाइल मी पिशवीत घालून नेली होती म्हणून बरे.

हाडांच्या डॉक्टरांना विनंती, दोनच प्रश्न विचारा: गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का? नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का? घरच्यांनी नुसते 'जपून' म्हणण्यापेक्षा हात धरून रोज थोडे चालवावे.

आणि कोड्याचे चौकोन जरा मोठे छापाल का?

– एक निवृत्त शिक्षिका