टोपण बसतं पण राहत नाही : पेनवाल्या काकांना आभाराचं पत्र

प्रिय काका,
स. न. वि. वि.

शाईच्या पेनाचं टोपण सैल झालं की पहिला विचार येतो तो पक्कड घेऊन कड जराशी दाबायचा. तुम्ही आम्हाला त्यापासून थांबवलंत, त्यासाठी सगळ्यात आधी आभार. दाबलेली धातूची कड गोल राहत नाही. दोन बाजूंना घासते, दोन बाजूंना सुटते आणि दांड्यावर ओरखडे पाडते. प्लास्टिकची कड तर तडकतेच.

त्याऐवजी तुम्ही एकच गोष्ट बघायला शिकवलंत, की टोपण नेमकं कधी सुटतं. दाबून बसवायच्या टोपणाचा खटका लागतच नसेल, तर ते सैल नाही, मध्ये काहीतरी अडतंय. अशा वेळी टोपणाकडे न बघता आधी पेनाकडे बघायचं. बोटांनी धरतो तो भाग दांड्यात पूर्ण फिरला आहे का? कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून भरायची आतली नळी, नीट न बसल्यामुळे तिथे अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तरी खटका चुकतो. फट नसेल तर संशय निबवर. धुऊन परत बसवताना निब आणि जीभ (निबखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) पुरेशी आत गेली नाही, की निबचं टोक आतल्या टोपणाच्या, म्हणजे टोपणात बसवलेल्या छोट्या अस्तराच्या, तळाला टेकतं. त्यावर तुमची लाकडी काडीची युक्ती फार उपयोगी आहे. काडी टोपणात अलगद तळापर्यंत घालायची, कडेपाशी नखाने खूण करायची आणि तीच काडी पेनाशेजारी धरायची. बंद असताना टोपणाची कड जिथे टेकते, तिथपासून निबच्या टोकापर्यंतचं अंतर खुणेपेक्षा निदान एक मिलिमीटर कमी हवं. ते तसं नसताना जोर लावला, तर निबचं टोक वाकतं.

खटका लागून टोपण हळूच वर सरकत असेल, तर बहुधा हवेचा प्रश्न. टोपण झटक्यात लावलं की आतली हवा दाबली जाते आणि तीच त्याला मागे ढकलते. सावकाश लावल्यावर ते राहतं का, एवढं बघितलं तरी पुरतं. काही टोपणांना हवेसाठी बारीक भोक असतं, ते वाळलेल्या शाईने किंवा पॉलिशने बुजतं. असं टोपण झटकन काढलं तर शाई बाहेर ओढली जाते; निबवर येणारे ते थेंब आम्ही उगाच जिभेचा दोष समजत होतो.

खटका लागतो, पण टोपण उचललं की पेन खाली पडतं, तेव्हा मात्र पकडच झिजलेली. 1941 साली आलेल्या पार्कर 51 या मॉडेलमध्ये पेनावर धातूचं कडं आणि टोपणात स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. अशा पट्ट्या आधी साफ करायच्या, कारण पुष्कळदा त्यांच्यामागे शाईची खपली अडकलेली असते. तरीही सैल वाटलं, तर गुळगुळीत लाकडी काडीने एकेक पट्टी केसभर आत घ्यायची आणि दर वेळी टोपण लावून बघायचं. पकड प्लास्टिकच्या उंचवट्यांची असेल आणि ते झिजले असतील, तर वाकवण्यासारखं काही उरत नाही. आतलं टोपण बदलायचं.

फिरकीच्या टोपणांबद्दल तुम्ही दाखवलेला तडा आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दिव्याकडे धरलेलं टोपण, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि कडेपासून वर गेलेली चंदेरी, केसासारखी रेघ. टोपण काढलेलं असताना ती मिटलेली असते. शेवटच्या पाव फेऱ्यात कड ताणली जाते, रेघ उघडते आणि आटे एकमेकांवरून निसटतात. म्हणून निसटणारं टोपण आणखी कसून फिरवणं हा उलटा उपाय. सुपर ग्लूचा थेंबही नको, तो आट्यांत उतरतो आणि पुढची दुरुस्ती अवघड करतो. तडा नसेल तर आधी अगदी हलक्या हाताने उलट फिरवायचं, आटा खाली बसल्याचं बोटांना कळलं की मग सुलट. तिरके आटे लागण्याचा त्रास एवढ्यानेच टळतो.

साफसफाईबद्दल तुम्ही जितकं बजावलंत, तितकं क्वचितच कोणी सांगतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि कापसाची काडी, बस. टोपण भिजत ठेवायचं नाही; आतल्या आणि बाहेरच्या टोपणामध्ये पाणी साचतं आणि क्लिपची स्प्रिंग गंजते. गरम पाण्याने एबोनाइटचा, म्हणजे पेनांसाठी वापरतात त्या कडक रबराचा, रंग उतरतो. स्पिरिट आणि ॲसिटोन तर पेनाजवळ आणायचंच नाही, जुन्या पेनांचं सेल्युलॉइड हे प्लास्टिक त्याने खराब होतं. नेलपॉलिशचा थर देऊन पकड वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो, त्यालाही हेच कारण लागू.

दुरुस्तीनंतरची तुमची परीक्षा आम्ही आता प्रत्येक पेनाला लावतो. टोपण लावलेलं पेन निब वर करून टोपणाला धरायचं आणि खाली मऊ कापड ठेवून तीनदा हलकेच हलवायचं. मग चोवीस तास आडवं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पहिली रेघ न अडखळता उमटली, की टोपण निबला हवेपासूनही नीट राखतंय.

काका, नुसतं टोपण घट्ट करून देणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही दिवा, भिंग आणि काडी आमच्या हातात दिलीत. मनापासून धन्यवाद.

तुमचे,
शाईने लिहिणारे आम्ही सगळे