चंद्राच्या कला सावलीमुळे होत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पानावर चंद्रकलांचे चित्र आले होते. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र लहान-मोठा दिसतो, असे त्याखाली लिहिले होते. हे ग्रहणाचे कारण झाले, कलांचे नव्हे. शिकलीसवरली माणसेही हेच सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. सूर्य मावळताना ती पूर्व क्षितिजाशी असते. त्या वेळी शुद्ध अष्टमीचा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो, तर द्वितीयेची कोर पश्चिमेला सूर्यामागोमाग मावळायला निघालेली असते. तिथे सावली पोचणार कशी? शिवाय दशमी-एकादशीचा चंद्र दोन्ही अंगांनी फुगीर दिसतो. गोल सावलीने बिंबाचा लचका तुटेल, असा फुगीर आकार उरणार नाही.

ग्रहण सोडले तर चंद्राचा निम्मा गोल कायम उन्हात असतो. त्यातला जेवढा भाग आपल्याकडे वळलेला, तेवढी कला. अमावस्येनंतर चंद्र दिवसाला सरासरी 12 अंशांनी सूर्याच्या पूर्वेला सरकत जातो आणि दर 12 अंशांना एक तिथी होते. 90 अंशांवर, म्हणजे अष्टमी निम्मी सरताना, बिंब बरोबर अर्धे असते. चंद्राची चाल सारखी नसल्यामुळे एखादी तिथी वीस तासांतच संपते, तर एखादी सव्वीस तासांहूनही लांबते. अशी छोटी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली, की पंचांगात ती क्षयतिथी ठरते.

शाळेत हे दाखवायला पैसे लागत नाहीत. शुद्ध सप्तमी ते नवमीच्या दरम्यान दुपारी चारच्या सुमारास मैदानात जावे. चंद्र पूर्वेकडे वर आलेला असतो. ज्वारीच्या पिठाचा लिंबाएवढा घट्ट गोळा काडीवर खोचून, हात लांब करून, चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरावा. गोळा उन्हात हवा. गोळ्यावरची उजेड-अंधाराची रेघ आणि चंद्रावरची रेघ एकसारखी दिसते, कारण सूर्य इतका लांब आहे की दोन्हींवर ऊन एकाच दिशेने पडते. पांढऱ्या भिंतीजवळ उभे राहिल्यास भिंतीचा उजेड गोळ्याची काळी बाजू पुसून टाकतो आणि प्रयोग फसतो. वद्य अष्टमीच्या आसपास हेच सकाळी आठला, पश्चिमेकडे पाहून करता येते. अमावस्येच्या जवळपास मात्र करू नये, मुलांची नजर सूर्यावर जाते.

पावसाळ्यात अंधाऱ्या खोलीत, डोक्याच्या उंचीवर बल्ब लावून भागवावे. बल्बकडे तोंड करून गोळा समोर धरला की अमावस्या. मग गोळ्यासकट हळूहळू डावीकडे वळत जावे. आधी उजवी बाजू उजळत जाते. बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा. इथे गोळा डोक्यापेक्षा वर धरायला विसरले, की स्वतःच्या डोक्याची सावली त्यावर पडते आणि मुले ‘सावलीमुळेच कला’ हा निष्कर्ष घेऊन घरी जातात! खरा चंद्रही बहुतेक पौर्णिमांना सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो, कारण त्याची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे.

चित्रातली उभी कोरही आपल्याकडची नव्हे. ती उत्तरेकडच्या थंड देशांत तशी दिसते. मराठवाड्यात गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिले तर कोर जवळजवळ होडीसारखी आडवी असते. गणपतीच्या दिवसांत ती बरीच तिरकी होते.

जाता जाता संकष्टीबद्दल. अंकात चंद्रोदयाची वेळ एकच छापतात, तीही मुंबईची. रेखांशाच्या एका अंशाला साधारण 4 मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे मुंबईपेक्षा छत्रपती संभाजीनगरला चंद्र सुमारे 10 मिनिटे, लातूरला 15 आणि नांदेडला 18 मिनिटे आधी उगवतो. उपास धरणाऱ्या नांदेडकरांना एवढा वेळ उगाच ताटकळत ठेवू नये. या तीन गावांच्या वेळा वेगळ्या छापाव्यात, आणि त्या मोकळ्या, सपाट क्षितिजाच्या आहेत, हेही खाली लिहावे. समोर इमारत किंवा डोंगर असेल तर चंद्र दिसायला आणखी काही मिनिटे लागतात.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, परभणी