गुहेतली विमानं आणि मतपेटी : अव्याला पत्र

बर्न, नोव्हेंबर २०२५

प्रिय अव्या,

मिग-२१च्या निरोपाचं तुझं पत्र पोचलं. चंडीगडचा २६ सप्टेंबरचा सोहळा मी इथे मोबाइलवर पाहिला. पण ओझरला तुम्ही विमान कारखान्यातली जुनी मंडळी टपरीवर जमलात आणि कोणाच्या हातून कुठला रिव्हेट सुटला होता यावरून तासभर भांडलात, ते वाचून जास्त बरं वाटलं. शेवटी खोचक विचारलंयस, लेकीकडे राहून बर्फ आणि चॉकलेट सोडून काही पाहिलंस का म्हणून. पाहिलं की! विमानं पाहिली. म्हणून हे लांबलचक पत्र, एका दमात वाचू नकोस.

झुरिकजवळ डुबेन्डॉर्फ नावाचं गाव आहे. स्विस हवाई दल १९१४ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी त्याचा तळ तिथे आला. आता तिथे हवाई दलाचं संग्रहालय आहे. जावईबापूंनी नेलं आणि मला आत सोडून स्वतः कॉफी प्यायला गेले. आत मिराज-३ एस उभं आहे. आपल्या मिराज-२०००च्या आधीच्या पिढीतलं. तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं मला वाकायला लावून पुढच्या चाकाचा दांडा दाखवला. तो दांडा नेहमीपेक्षा लांब करता येतो. कशाला, ओळख! दांडा लांबला की नाक वर जातं, नाक वर गेलं की शेपूट खाली येते, आणि मग विमान गुहेच्या छताखाली मावतं. डोंगराच्या पोटात बोगदे खणून विमानं ठेवायची ही इथली रीत. आत वळवायला जागा नाही, म्हणून क्रेननं उचलून सरकवायचं. त्यासाठी विमानाच्या अंगावर उचलण्याच्या जागा करून घेतलेल्या. धावपट्ट्या आखूड, म्हणून उड्डाणाला रेटा द्यायला रॉकेटंही जोडता यायची. तू असतास तर तिथून हलला नसतास.

आता या मिराजची पुढची गोष्ट ऐक, तुझ्या कामाची आहे. १९६१ साली संसदेनं १०० विमानांना ८७ कोटी १० लाख फ्रँक मंजूर केले. मग साहेब लोकांना फ्रेंच रडार पसंत पडेना. अमेरिकी रडार बसवा, अमेरिकी क्षेपणास्त्रं बसवा, सांगाडा मजबूत करा. असं करत करत १९६४ मध्ये सरकार पुन्हा संसदेपुढे उभं राहिलं : अजून ५७ कोटी ६० लाख द्या. खासदार खवळले. स्विस संसदेची पहिली चौकशी समिती याच प्रकरणात नेमली गेली. १००ची ५७ विमानं झाली, हवाई दलाचा प्रमुख गेला, लष्करप्रमुखानं राजीनामा दिला, संरक्षणमंत्री पाउल शोदे यांनाही १९६६ मध्ये पायउतार व्हावं लागलं. ड्रॉइंग फायनल झाल्यावर बदल सुचवणाऱ्यांबद्दल तू जे काही बोलायचास ते मला तिथे उभ्या उभ्या आठवत होतं. लिहीत नाही, पत्र लेकही वाचते.

हंटर हे ब्रिटिश लढाऊ विमानही पाहिलं. आपल्याकडे हंटर म्हटलं की १९७१, लोंगेवाला आणि वाळूत पेटलेले रणगाडे. इथे एकूण १६० हंटर घेतली, १९९४ पर्यंत उडवली आणि एकही लढाईत गेलं नाही. लढाईचा अनुभव त्यांना आहे तो त्याआधीचा, आणि तो फार विचित्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर यांनी जर्मनीकडूनच मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानं विकत घेतली. १९४०च्या मे-जूनमध्ये जर्मन विमानं हद्दीत घुसू लागली, तर त्याच मेसरश्मिटमधून त्यांना पाडलं. अकरा पाडली! जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याचा असा संताप झाला की त्यानं इथल्या विमानतळांवर घातपात करायला माणसं धाडली. तीही पकडली गेली. पुढे १९४४च्या एप्रिलमध्ये एक जर्मन विमान गुप्त रडारसकट रात्री डुबेन्डॉर्फला उतरलं. जर्मनांची पाचावर धारण बसली. सौदा ठरला : ते विमान आमच्या डोळ्यांदेखत जाळा, बदल्यात आम्ही तुम्हाला १२ नवी मेसरश्मिट विकतो. ती आली, पण इतकी कच्ची बनवलेली की इंजिनं टिकेनात. तटस्थ राहायचं म्हणजे शेजाऱ्याशी वैर आणि उधार-उसनवार एकाच वेळी चालवायची, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

सध्या यांची मुख्य लढाऊ विमानं म्हणजे एफ/ए-१८ हॉर्नेट. ३४ घेतली होती, अपघातांत चार गेली, ३० उरली. मूळची ती विमानवाहू जहाजावरची, म्हणजे आखूड पट्टीवर उतरायची सवय असलेली. मायरिंगनच्या तळाजवळ कुंपणाबाहेर उभा राहून पाहिली. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मध्ये धावपट्टी, आणि पट्टीला लागून शेतकरी गवत कापतोय. डोंगरातल्या दारातून विमान बाहेर आलं तेव्हा पहिल्यांदा दिसली ती नाकाच्या डाव्या बाजूला बसवलेली गोल काच. तो रात्री दुसऱ्या विमानावर झोत टाकून त्याची ओळख पटवायचा दिवा. मग आफ्टरबर्नर, म्हणजे जादा रेट्यासाठी इंजिनाच्या मागे इंधन जाळणारा भाग, पेटला. आवाज कानात नाही, बरगड्यांत येतो. शेतकऱ्यानं मान वर केली नाही.

याच तळावरून २०१६च्या ऑगस्टमध्ये एक हॉर्नेट उडालं आणि परत आलं नाही. ढग होते. नियंत्रकानं वैमानिकाला १०,००० फुटांवर जायला सांगितलं. तिथे किमान १५,००० हवे होते. सुस्टेन खिंडीजवळ विमान शिखराच्या जेमतेम खाली कड्यावर आदळलं. देश पूर्व-पश्चिम जेमतेम साडेतीनशे किलोमीटर, त्यात हे असे डोंगर. चुकायला जागाच नाही.

आता गंमत. २०१४च्या फेब्रुवारीत इथियोपियन एअरलाइन्सचं रोमला निघालेलं विमान त्याच्याच सहवैमानिकानं पळवलं. कप्तान लघवीला गेला, यानं दाराला कडी लावली. सकाळी सहाच्या सुमारास जिनिव्हाला उतरवून खिडकीतून दोर सोडून हा खाली आला आणि आश्रय मागू लागला. सोबतीला आलेली लढाऊ विमानं आधी इटलीची, मग फ्रान्सची. स्विस कुठे होते? हवाई दलाची वेळ सकाळी ८ ते १२ आणि दुपारी दीड ते ५! सदाशिव पेठेतल्या दुकानदारानं ऐकलं असतं तर ऊर भरून आला असता. साऱ्या जगानं चेष्टा केली. २०२० संपता संपता मात्र चोवीस तास दोन विमानं सज्ज ठेवायला लागले, १५ मिनिटांत उडतील अशी.

आणि त्याच २०१४ मध्ये, तीनच महिन्यांनी, लोकांनी काय करावं? २२ ग्रिपेन विमानं घ्यायची की नाही यावर देशभर मतदान झालं आणि ५३.४ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. होय, मतदान! लढाऊ विमानांवर! याआधी १९९३ मध्ये हॉर्नेटच्या वेळीही झालं होतं. विरोधकांनी महिनाभरात लाखांवर सह्या गोळा केल्या होत्या, पण मतदानात ५७ टक्क्यांनी खरेदीला आडकाठी घालायची नाही असं ठरलं. २०२० मध्ये पुन्हा ६ अब्ज फ्रँकांवर कौल घेतला, तर हो म्हणणारे ५०.१ टक्के. फरक नऊ हजार मतांहूनही कमी. तेवढी माणसं पंचवटीत एका संध्याकाळी भाजी घ्यायला असतात. त्या काठावरच्या होकारावर ३६ अमेरिकी एफ-३५ विमानं ठरली. आता या वर्षी अमेरिका म्हणतेय, किंमत पक्की नव्हतीच. स्विस म्हणतात, पक्की होती. मिराजचं जुनं दुखणं पुन्हा वर आलंय आणि ट्राममध्ये माणसं त्यावर बोलताना ऐकू येतात, असं लेक सांगते.

मला विचारशील तर रडारचा पल्ला किती हवा हे मतपेटीनं ठरवू नये. ते तुझ्यासारख्यांचं काम. पण विमान उभं करायला कामगारांचे किती तास लागले आणि किती पैसे गेले हे गावातल्या सुताराला तोंडपाठ असणं, याचा मला हेवा वाटला. ओझरला आपण सुखोई बनवतो. नाशकात किती जणांना एकाची किंमत ठाऊक आहे? मलाही नव्हती, आणि माझा जिगरी दोस्त तिथे कामाला होता.

तुझ्यासाठी एक माहिती राखून ठेवली होती. स्विस हॉर्नेटच्या सांगाड्यातल्या तीन मुख्य आडव्या चौकटी अॅल्युमिनियमऐवजी टायटॅनियमच्या आहेत, खास यांनी करून घेतलेल्या. ३४ पैकी ३२ विमानांची जोडणीही इथेच, एमेनच्या कारखान्यात झाली. अॅल्युमिनियमच्या जागी टायटॅनियम घातलं की भोकं पाडायला आणि रिव्हेटिंगला काय काय बदलावं लागतं, हे मला समजेल अशा भाषेत लिहून पाठव. जावईबापूंसमोर जरा भाव खायचाय.

मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परततोय. वहिनींना नमस्कार सांग. गुडघ्याचं ऑपरेशन उगाच पुढे ढकलू नकोस.

तुझा,
बापू