पीडितशास्त्र शिकणाऱ्यांनी आधी कागद वाचायला शिकावे

महोदय,

निकालांचा हंगाम आला की गुन्हेपीडितांसाठी काम करायचे, त्यासाठी काय शिकू, अशी विचारणा आता सांगली-साताऱ्यातली मुलेही करतात. ‘व्हिक्टिमॉलॉजी कर’, म्हणजे पीडितशास्त्र, गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा अभ्यास, असे उत्तर मिळते आणि पुढचे कुणी सांगत नाही. शिकायची सोय जवळपास आहे. साताऱ्याजवळ जकातवाडीला आणि कोल्हापुरात समाजकार्याचे शिक्षण मिळते, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात गुन्हेशास्त्राचा विभाग आहे आणि मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. आमचे मत विचाराल तर या कामासाठी समाजकार्याची पदवी आधी घ्यावी, पीडितशास्त्र तिच्यावर चढवावे.

पीडितशास्त्राची सुरुवात मेंडेलसोन आणि फॉन हेंटिग या विषयाच्या आद्य अभ्यासकांपासून शिकवतात. मेंडेलसोन यांनी पीडितांचे सहा प्रकार पाडले, ‘पूर्ण निर्दोष’पासून ‘सर्वाधिक दोषी’पर्यंत. हे परीक्षेपुरते वाचावे. पण हीच वर्गवारी डोक्यात घेऊन गेलेला विद्यार्थी पहिल्याच भेटीत ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असे विचारतो आणि समोरची बाई गप्प होते. १९८५ चा संयुक्त राष्ट्रांचा पीडितांविषयीचा जाहीरनामा त्याहून उपयोगी आहे. सन्मानाची वागणूक, माहिती, भरपाई आणि मदत ही त्याची चौकट आपल्या कायद्यातही उतरलेली दिसते.

खरे शिक्षण कागदांपासून सुरू होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, पोलीस ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते आणि तिची प्रत पीडितेला मोफत द्यायची असते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते, त्यापुढे दंडाधिकारी आहेतच. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचे असते. ते कळले का, याची तारीख आपल्या वहीत हवी.

लैंगिक अत्याचारात वेळ सर्वांत महत्त्वाची. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून दवाखाना आधी, बाकीचे नंतर. रुग्णालयाने उपचार तातडीने आणि मोफत द्यायचे असतात, पोलिसांचे पत्र आणा म्हणून थांबवायचे नसते. पुराव्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीला बाईने नकार दिला तरी उपचार बंद होत नाहीत. कपडे धुऊ नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. ओल राहून बुरशी धरते आणि पुरावा जातो. वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत. ही एवढीशी गोष्ट पदवीच्या दोन वर्षांत कुणी सांगत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

मुलांच्या बाबतीत ‘मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन कधीही देऊ नये. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ खाली माहिती असणाऱ्या प्रत्येकाने कळवणे बंधनकारक आहे, समुपदेशकालाही सूट नाही. वचन मोडले की मूल पुन्हा बोलत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी सहायक व्यक्ती समिती नेमू शकते. हे काम करू इच्छिणाऱ्याने नोंदी कशा लिहाव्यात ते शिकावे: मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळेसह. ‘मूल घाबरलेले वाटले’ हा आपला निष्कर्ष झाला. ‘दार वाजताच टेबलाखाली गेले’ हे लिहावे. ‘काकांनीच हात लावला ना?’ अशा प्रश्नाने उत्तर आपणच मुलाच्या तोंडी घालतो, आणि आरोपीचा वकील उलटतपासात नेमके तेच पकडतो.

भरपाईबाबत गैरसमज फार. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि त्यावर चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हायची असते. अत्याचारपीडित महिला व मुलांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचे अर्जही तिथेच जातात. अल्पवयीन मुलीच्या बँक खात्यावर सही कुणाची, हा प्रश्न अर्जाआधी सोडवावा. आरोपी बापच असेल तर?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांची एक अडचण कुठल्याच पुस्तकात नाही. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात बीडकडून येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की परत जातात. गुन्हा इथे घडतो, समन्स कारखान्याच्या पत्त्यावर निघते, तोवर बाई शेकडो किलोमीटरवर गेलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी गावाकडचा पूर्ण पत्ता आणि दोन मोबाइल क्रमांक घ्यावेत. त्यात टोळी आणणाऱ्या मुकादमाचा एकट्याचा नको, आरोपी कधीकधी त्याच टोळीतला असतो. साक्षीला येण्याचा खर्च न्यायालय देऊ शकते, हेही तिला आधीच सांगावे.

नोकऱ्या आहेत: अत्याचारपीडित महिलांना एकाच छताखाली मदत देणारे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष. त्यांतल्या बऱ्याच कंत्राटी, पगार बेताचा. घरच्यांना आधीच कल्पना द्यावी. शिवाजी विद्यापीठाने समाजकार्याच्या क्षेत्रकार्यात एक सत्र विधी सेवा प्राधिकरणात आणि ‘सखी’ केंद्रात सक्तीचे करावे, आणि ते ऊसतोडीच्या हंगामातच ठेवावे.

— समाजकार्य विषयाचे दोन अध्यापक, विश्रामबाग, सांगली