नव्या शहराचं चित्र किल्लीपासून सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी काढलेली शहराची चित्रं येतात, ती मी आवर्जून पाहते. हात चांगले असतात, मेहनतही दिसते. पण बहुतेक चित्रांत पूल, मनोरा आणि सूर्यास्तच असतो. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन नव्याने आलेला माणूस त्या शहरात राहतो, हे या चित्रांतून कळतच नाही.

मी निवृत्त कलाशिक्षिका. संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग घेते. तिथे परगावाहून बदलून आलेल्या एका परिचारिकेला मी म्हटलं, मनोरा राहू दे, काल रात्री घरी पोचलीस तेवढंच काढ. तिने दार काढलं. भाड्याच्या खोलीचं दार, पाटीवर आधीच्या भाडेकरूचं अर्धवट खरवडलेलं आडनाव. कुलूप जुनं, दार स्वतःकडे ओढून धरल्याशिवाय किल्ली फिरत नाही. चित्रात तिचा डावा हात कडीला धरून ओढतो आहे, दंडाला अडकवलेली पिशवी घसरून कोपरापर्यंत आली आहे. हात दाराच्या मानाने बराच मोठा झालाय. मी तो दुरुस्त करू दिला नाही, कारण रात्रपाळीहून परतताना सगळा जीव त्या हातातच गोळा झालेला असतो. मोबाइलवर दाराचा फोटो काढून त्यावरून चित्र केलं असतं, तर प्रमाण बरोबर आलं असतं आणि हा हात हरवला असता. म्हणून मी फोटो बघू देत नाही. आठवतं तेवढंच काढायचं, आठवत नाही तिथे कागद कोरा सोडायचा.

यात नवीन काही नाही. डच चित्रकार व्हॅन गॉग १८८८ च्या फेब्रुवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी राहायला गेला आणि ऑक्टोबरात त्याने स्वतःची झोपायची खोली रंगवली. पलंग, खुर्च्या, खुंटीवरचे कपडे, बस्स. आपल्याकडे चित्रकार सुधीर पटवर्धन १९७३ साली मुंबईत आले आणि पुढे डॉक्टरी सांभाळून रस्त्यावरची, कामावरची साधी माणसं रंगवत राहिले.

वर्गात मी सर्वांत जास्त बोलते ती जेकब लॉरेन्सबद्दल. हा अमेरिकी चित्रकार तेराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आला. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीयांवर त्याने १९४०-४१ मध्ये ६० लहान चित्रांची मालिका केली. स्थानकावरची गर्दी आहे, दाटीवाटीने झोपलेली माणसं आणि त्यांची रंगीत पांघरुणं आहेत. साठही चित्रांवर तो एकदम काम करत होता. एक रंग घ्यायचा, जिथे जिथे हवा त्या सगळ्या चित्रांत लावायचा, मग दुसरा. त्यामुळे पहिल्या चित्रातला पिवळा शेवटपर्यंत तोच राहतो.

ही युक्ती नवशिक्यालाही जमते. महिनाभराची तळहाताएवढी चित्रं टेबलावर मांडा आणि एकच करडा कालवून जिना, बसची खिडकी, कचेरीतली खुर्ची, सगळीकडे लावा. सुट्या आठवणी एका शहराच्या दिसायला लागतात. आमच्या वर्गात हे झालं, की लोक आपली चित्रं सोडून एकमेकांची बघायला उठतात. मला शिकवण्यातला हाच क्षण सर्वांत आवडतो.

घाई मात्र करायला हवी. वरच्या मजल्यावरचा पंप, खिडकीतून येणारा परक्या दिव्याचा उजेड, चुकीच्या थांब्यावर उतरल्यावरचा रस्ता हे सगळं पहिल्या काही महिन्यांतच टोचतं. नंतर कान-डोळे सरावतात आणि काढायला बसलं तरी हाताला काही लागत नाही. घर लागल्यावर, जम बसल्यावर सावकाश काढू म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच थांबू देत नाही.

तेव्हा एक विनंती. पुरवणीत नव्याने आलेल्यांसाठी एक कोपरा राखून ठेवा. चित्र लहान आणि आठवणीतून काढलेलं असावं, खाली त्याच माणसाची एक ओळ. स्पर्धा आणि बक्षीस नको, त्याने पुन्हा मनोरेच येतील. आलेली चित्रं निवडायला कुणी हवं असल्यास मी विनामोबदला येईन. दुपारी मोकळी असते.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका