सांडपाण्यात टायफॉइडचा शोध घ्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई, पाणी उकळून पिण्याचे आवाहन आणि क्लोरीनच्या गोळ्यांचे वाटप हे सारे होते व ते व्हायलाच हवे. त्याच्या जोडीला नवी मुंबईच्या सांडपाण्यात कोणते रोगजंतू वाहत आहेत हे वर्षभर तपासून नागरिकांना सांगितले जावे, अशी या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे.

प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये मानक ठरवले, त्यानुसार दर 100 मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू 1000 पेक्षा कमी असावे लागतात. हे मानक आवश्यकच आहे. परंतु कोलिफॉर्मवरून पाण्यात विष्ठा मिसळल्याचे कळते; तिच्यात टायफॉइडचे किंवा कॉलऱ्याचे जंतू आहेत का, याचा उलगडा त्यातून होत नाही. टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, हा माणसाखेरीज अन्य कोणत्याही प्राण्यात वस्ती करीत नाही. त्यामुळे तो एखाद्या नाल्यात सापडला तर त्या नाल्याच्या वरच्या अंगाला कोणीतरी आजारी आहे, किंवा कोणतेही लक्षण नसताना पित्ताशयात जंतू बाळगून आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

हे जंतू सांडपाण्यात विरळ असतात, म्हणून एक बाटली भरून नेलेल्या नमुन्यात ते बहुधा हाती लागत नाहीत. त्यावर इंग्लंडमधील ब्रेंडन मूर यांनी 1940 च्या दशकात साधा उपाय योजला. जाळीदार सुती कापडाची (गॉजची) गुंडाळी दोरीला बांधून ती एक-दोन दिवस गटाराच्या प्रवाहात सोडायची आणि मग प्रयोगशाळेत न्यायची. अशा गुंडाळ्या एकेका मॅनहोलमध्ये टाकत मागे मागे जाऊन जंतुवाहकाच्या घरापर्यंत पोहोचता येते. चिलीच्या सांतियागो शहरात 1980 च्या दशकात याच पद्धतीने भाजीपाल्याला दिल्या जाणाऱ्या पाण्यात टायफॉइडचे जंतू आढळले होते. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढणारी पालेभाजी रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. पुढे पीसीआर चाचणीने जंतूची जनुके लवकर ओळखता येतात; ती मेलेल्या जंतूंचीही असू शकतात, तरी रोगाचा माग काढण्यासाठी तेवढे पुरते.

नवी मुंबईने हे करण्याला विशेष कारण आहे. टायफॉइडची संयुग्मित (जंतूच्या आवरणातील घटक प्रथिनाला जोडून बनवलेली) लस सरकारी मोहिमेद्वारे देण्याचा जगातील पहिला प्रयोग 2018 मध्ये याच महापालिकेने केला आणि पहिल्या टप्प्यात 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या लाखाहून अधिक मुलांना लस दिली. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र शहरात आजार किती उरला आहे हे रुग्णालयांच्या नोंदींवरून पुरते समजत नाही, कारण रक्ताच्या कल्चरमध्येही (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीतही) निम्म्याच्या आसपासच रुग्ण सापडतात, अनेकांनी आधीच प्रतिजैविके घेतलेली असतात आणि कित्येकांची केवळ विडाल तपासणी (रक्तातील प्रतिपिंडे पाहणारी) होते, जी फारशी विश्वासार्ह नाही. सांडपाण्यात मात्र डॉक्टरकडे न गेलेल्याचीही नोंद उमटते.

नमुने केवळ ऐरोली, वाशी, नेरूळ येथील प्रक्रिया केंद्रांच्या तोंडाशी घेऊन भागणार नाही. दिघा, तुर्भे परिसरातील वस्त्यांमधून वाहणारे नाले आणि होल्डिंग पॉन्डला (खाडीलगतच्या पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावांना) मिळणारे प्रवाहही त्यात असावेत, आणि खाडीचे पाणी आत शिरून नमुना पातळ होऊ नये यासाठी ते ओहोटीच्या वेळी घ्यावेत. जंतू आढळल्यास त्या वस्तीला दोष देण्याऐवजी तेथील जलवाहिन्या तपासाव्यात. पाणीपुरवठा बंद झाला की नळातील दाब उतरतो आणि गटारालगतच्या फुटक्या नळीत बाहेरची घाण ओढली जाते. दुरुस्ती तिथेच करावी लागते.

महापालिकेने ही तपासणी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या मदतीने सुरू करावी आणि तिचे निष्कर्ष पिण्याच्या पाण्याच्या अहवालासोबत विभागवार प्रसिद्ध करावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई