रानकोंबड्याच्या पिसांची भेट नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. गेली सोळा वर्षे स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेस येथे राहतो आणि तिथल्या लांबलचक हिवाळ्यात संध्याकाळी सॅमन मासा धरण्यासाठी लागणाऱ्या पिसांच्या ‘फ्लाय’ बांधतो. गेल्या मे महिन्यात गावी आलो असता माझ्या मामांनी वर्तमानपत्रात जपून गुंडाळलेली रानकोंबड्याच्या मानेची पिसे माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “तिकडे तू ही विकत घेतोस म्हणे, मग घरची घेऊन जा.” मी ती घेतली नाहीत. मामा दुखावले आणि त्या वेळी मला नीट सांगताही आले नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशी भेट प्रेमाने जमवणारे आणखीही कोणी असतील, म्हणून जे मामांना सांगायचे राहिले ते येथे लिहितो.

फ्लाय म्हणजे गळाच्या आकड्यावर रेशमी दोऱ्याने पिसे बांधून केलेले आमिष. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये या कलेला भलताच बहर आला. त्या काळच्या ‘जॉक स्कॉट’ नावाच्या प्रसिद्ध फ्लायमध्ये सोनेरी फेजंट या रंगीत रानपक्ष्याचा तुरा, टूकन या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची पिवळी पिसे, शहामृगाचे काळे तंतू, टर्की आणि माळढोकाच्या कुळातील पक्ष्यांच्या पिसांच्या पट्ट्या, रंगवलेली हंसाची पिसे, मकाव पोपटाचे दोन लांब तंतू आणि दोन्ही बाजूंना आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचे एकेक पीस असे. या पक्ष्याच्या नराच्या मानेवरील पिसांच्या टोकाला दांडा पसरट होऊन पिवळसर, चकचकीत, मेणाचा थेंब सांडावा तशी टिकली तयार होते. पाण्यात ती लहान माशाच्या डोळ्यासारखी दिसते असे गळ टाकणारे मानतात, आणि म्हणूनच आपल्या रानातल्या पक्ष्याची पिसांसकट कातडी सातासमुद्रापार जात असत. 1902 मध्ये हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीला बंदी घातली आणि पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारही बंद झाली.

मामांचा प्रश्न रास्त होता की, मग मी विकत घेतो ती पिसे कुठली? ती ब्रिटनमध्येच पाळून वाढवलेल्या रानकोंबड्यांची असतात. महाग असतात, त्यामुळे एक कातडे मला कित्येक वर्षे पुरवावे लागते आणि त्यासाठी पिसे दुरुस्त करण्याची विद्या शिकावी लागते. माझ्या मते या कलेतला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. टिकली उभी चिरली असेल तर पिसाच्या मागच्या बाजूला पातळ व्हार्निशचा अगदी बारीक थेंब लावून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ते बुडापासून टोकाकडे हलकेच ओढायचे, म्हणजे चीर मिटते आणि सुकल्यावर दिसतही नाही. चीर फार मोठी असेल तर दुसरे खराब पीस मागून चिकटवून आधार द्यायचा. दबून वाकडे झालेले पीस किटलीच्या वाफेवर धरले की पुन्हा उमलते. फेजंटचा तुरा भलतीकडे वळला असेल तर तो ओला करून काचेच्या पेल्याच्या गोलाईवर चिकटवून ठेवायचा. सकाळपर्यंत हवा तसा बाक येतो. पिसाच्या प्रत्येक तंतूला सूक्ष्म आकडे असतात आणि ते एकमेकांत अडकतात, त्यामुळे वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पिसांचे तंतू शेजारी ठेवून बोटाने सारखे केले तर ते एकाच पिसासारखे जुळून येतात. लाल, पिवळ्या, निळ्या तंतूंचा असा पंख पहिल्यांदा जुळला तेव्हा मी कितीतरी वेळ तो नुसता पाहत बसलो होतो.

दुर्मीळ पिसांचा हव्यास कुठवर जातो हेही सांगायला हवे. जून 2009 मध्ये इंग्लंडमधील ट्रिंगच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून फ्लाय बांधणाऱ्या एका तरुणाने पक्ष्यांची 299 कातडी चोरली. त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले नमुनेही होते. काही परत मिळाली, पण अनेकांवरच्या चिठ्ठ्या तोडून टाकलेल्या होत्या, आणि पक्षी कुठे व केव्हा मिळाला हे सांगणारी चिठ्ठी गेली की अभ्यासकाला त्या नमुन्याचा फारसा उपयोग राहत नाही. हे सारे कशासाठी? नदीत परतलेला सॅमन अन्न खाणेच थांबवतो. तो आमिषावर झडप घालतो तेव्हा पीस टूकनचे आहे की रंगवलेल्या कोंबडीचे, हे पाहत नाही.

पावसाळ्यात नराच्या मानेची पिसे आपोआप गळतात, ती वेचली तर काय बिघडले, असेही मामांनी विचारले होते. परंतु मोराच्या गळलेल्या पिसांना देशात जी सवलत आहे ती रानकोंबड्याला नाही, आणि गळलेले पीस व फासकीत मेलेल्या पक्ष्याचे पीस हातात घेतल्यावर वेगळे ओळखता येत नाही. एकदा मागणी आहे असे कळले की फासक्या लागणारच.

म्हणून गावाकडच्या आप्तांना माझी कळकळीची विनंती आहे की, परदेशातल्या कोणासाठीही ही पिसे जमवू नयेत. आणि माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्या छांदिष्टांनी ती मागू नयेत, कोणी आणून दिली तरी घेऊ नयेत.

आपला नम्र,
एक वाचक, इन्व्हरनेस (स्कॉटलंड)